नाकाखाली बोट

"अंथरुणाला पाठ टेकल्यावर नेमकं काय होतं, ते सांगाल का?" झोपवाल्या बाईंनी मला विचारलं.

"काय व्हायचंय? नवरा नाकाखाली बोट धरतो."

फोनच्या पडद्यावर आपापल्या चौकोनात बसलेल्यांनी माना वर केल्या. मग पंखा हसला. पंखा म्हणजे एक निवृत्त गृहस्थ. फोन कसा धरायचा ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आम्हाला त्यांच्या छताचा पंखाच दिसायचा आणि त्याच्या मागून आवाज यायचा. शेजारच्या चौकोनात चादर. ही विशीतली मुलगी. ती डोक्यावरून चादर घेऊन बसायची आणि तिची पाळी आली की नुसती रडायची. बाकीचेही याच माळेतले. कॅन्सरमधून उठलेल्या आणि झोप उडालेल्या लोकांचा हा वर्ग. आठवड्यातून एकदा, दुपारी, फोनवर. दवाखान्यानं फुकट ठेवला होता आणि फुकटचं म्हटलं की मला आधीच शंका येते.

"बोट कशासाठी धरतात?" बाईंनी विचारलं. वयानं माझ्या भाचीएवढ्या असतील. आवाज असा मऊ, की त्यांचाच वर्ग ऐकताना डोळा लागावा. पण तेही होत नव्हतं.

"श्वास चालू आहे का बघायला. मेलेल्या माणसाचं बघतात ना, तसं. जरा कुठे डोळा लागतो न लागतो की आलंच बोट. परवा मी चावले."

"म्हणजे?"

"म्हणजे चावले. 'अहो, मेले नाही अजून,' म्हटलं, 'मेले की सांगेन!'"

पंख्यामागून मोठ्यानं हसू आलं. चादरीतूनही खुसखुस ऐकू आली. या पोरीला हसताना आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून मला आणखी जोर चढला.

मी या वर्गात हौसेनं गेले नव्हते. मी गाडी शिकवते. जिला सासरी 'तुला साधी सायकल जमायची नाही' असं सांगून ठेवलेलं असतं, तिला मी भर गर्दीच्या चौकातून बाहेर काढते. ओरडून काढते, पण काढते. शिकणाऱ्या माझ्या माघारी मला ब्रेकबाई म्हणतात, ते मला माहीत आहे. उपचार संपले, केस परत उगवले, मी कामावर रुजू झाले, आणि एका सकाळी सरळ रस्त्यावर, शिकवता शिकवता, माझा डोळा लागला. शिकणारी एक नर्स होती. मी गप्प बसलेली पाहून तिला वाटलं, आज बाईंचा आपल्यावर भरवसा बसला. त्या आनंदात तिनं गाडी दुभाजकावर चढवली.

कुणाला काही झालं नाही. पण ड्रायव्हिंगच्या शाळेच्या मालकानं किल्ली काढून घेतली. "मावशी, आधी झोपा. मग गाडी," म्हणाला, आणि मला फोन घ्यायला टेबलाशी बसवलं. त्या खुर्चीला चाकं होती, तेवढंच काय ते वाहन माझ्या नशिबी उरलं. "झोपेच्या बाई ठीक म्हणाल्या की गाडी तुमची," हेही तोच म्हणाला. "पण परत एकदा जरी घोळ झाला ना, तर दुसरं माणूस बघून ठेवलंय मी. राग मानू नका." राग मानू नका म्हणे! माझा जन्मच रागावर चाललाय. आणि ती गाडी गेली तर माझ्यापाशी राहिलं काय? कापून उरलेली एक छाती, गोळ्यांचा डबा आणि हा बोटवाला.

बरं, वर्गातली औषधंही जगावेगळी. आम्ही झोप येत नाही म्हणून आलेलो, तर बाई म्हणतात, अंथरुणात कमी वेळ घालवा. उपाशी माणसाला दोन घास कमी खा म्हणण्यातलाच प्रकार. रात्री उशिरा पडायचं, सकाळी ठरल्या वेळेला उठायचंच. झोप नाही आली तर लोळत राहायचं नाही, उठून बाहेर जाऊन बसायचं. दुपारी डोळा लावायचा नाही. अंथरुणात बसून काळजी करायची नाही, काळजीसाठी संध्याकाळी वेगळी वेळ राखून ठेवायची. "आणि तो वेळ पुरला नाही तर?" मी विचारलं होतं. त्यावर बाई हसल्या. माझ्या प्रश्नावर कुणी हसलं की माझं डोकं फिरतं.

"ते बोट असं का धरत असतील?" बाईंनी त्या दिवशी विषय सोडला नाही.

"आता धरतात! धरायचं तेव्हा धरलं नाही," मी म्हणाले, आणि ती सकाळ सांगितली. ती मी कुणालाही सांगते, तिखटमीठ लावूनच सांगते. तिसऱ्यांदा औषध चढवून घरी आणलं होतं. पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या, ताप चढला आणि मी बेशुद्ध झाले. केव्हा झाले ते मला कुठलं कळायला? ऊन वर आलं तेव्हा ताई आली, माझी थोरली बहीण. फोन लागेना, बेल वाजेना, म्हणून तिनं दार बडवून बडवून उघडायला लावलं. मी भट्टीसारखी तापलेली आणि हाकेला ओ नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर केला असतात तर आणायचीही गरज नव्हती.

"आणि शेजारी हा गडी घोरत पडलेला!" मी म्हणाले. "बायको चाललीये वर आणि याला साखरझोप! आता रोज रात्री पहारा देतात. चोरी झाल्यावर शिट्टी वाजवत येतो ना पोलीस, तसा माझा नवरा."

सगळा वर्ग हसला. पंख्यांना तर ठसका लागला. मलाही बरं वाटलं. कानाला मालकाचे मोठे हेडफोन होते. ते घातले की घरातला एक आवाज ऐकू यायचा नाही, त्यामुळे वर्गात मी मोकळेपणानं बोलायचे.

हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "काही आठवडे तुम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपून बघा. पण त्यांच्याशी शांतपणे बोलून ठरवा हं."

शांतपणे! मी हेडफोन काढले, शांतपणानं दोन श्वास घेतले आणि स्वयंपाकघरात गेले. नवरा ओट्यापाशी उभा होता. चहा करून ठेवलेला, त्यावर साय धरलेली. तो मोटारी गुंडाळतो, म्हणजे जळलेल्या पंख्याच्या, पंपाच्या मोटारीत नवी तांब्याची तार भरतो. दिवसभर वेढे मोजायचे, त्यामुळे तोंडातून शब्द कमीच निघतात. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मी आजपासून बाहेर झोपतो."

"आं?"

"बाहेरच्या खोलीत. गादी नेऊन टाकलीये."

मी सगळी तयारी करून आले होते, तीन-चार टोमणे नुसते जिभेवर होते, ते तसेच राहिले. "उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची," एवढं म्हणून मी तो गार चहा प्याले. तो तारेचं रीळ घेऊन दुकानावर गेला.

आणि मला झोप लागायला लागली. लगेच नाही. सुरुवातीचे दिवस तर त्या बाईंना मी इतक्या शिव्या दिल्या, की शिव्या लागत असत्या तर त्यांचा वर्गच बंद पडला असता. डोळे चुरचुरायचे, टेबलाशी बसून मी फोनवर भलत्याच बाईला भलतीच वेळ द्यायचे. पण हळूहळू अंग टेकलं की डोळा मिटायला लागला. मिटला की मिटलेला राहायला लागला. बाई दर आठवड्याला सगळ्यांच्या झोपेची टक्केवारी काढायच्या. माझी चढत गेली. "बघा, किती छान!" असं त्या माझ्याकडे बोट दाखवून इतरांना सांगायच्या. शाळेत माझ्याकडे असं बोट कुणी कधी दाखवलं नव्हतं. चादर तर म्हणाली, "काकू, तुमचा हेवा वाटतो." मी म्हटलं, "नवऱ्याला हाकलून दे." ती म्हणाली, "मला नवरा नाही हो." "मग तुझं निम्मं काम झालंय." परत सगळे हसले.

घरात मात्र नवऱ्याचं ताळतंत्र सुटत चाललं होतं. पंपाची एक मोटार त्यानं उलटी गुंडाळून दिली, ती गिऱ्हाइकानं परत आणून आपटली. एकदा कढईला हात लावून बोटं भाजून घेतली. जेवताना घास हातात धरून बसायचा. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "अहो, काम करताना डोळे उघडे ठेवत जा!" मी ओरडले. "ठेवतो," म्हणाला. एवढंच. मला वाटलं, वय झालं. मनात हेही आलं की मी बरी झाले ते याला बघवत नाही बहुतेक. आजारी बायकोची सवय लागते काही माणसांना.

शेवटच्या वर्गाला बाईंनी घरातल्या एकेकाला घेऊन बसायला सांगितलं. नवरा नको म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचंय काय? त्या विचारतील, बरं वाटलं का. तुम्ही हो म्हणायचं. मालकाला मला ठीक आहे म्हणून सांगायचंय त्यांनी. तुमच्या पायी माझी गाडी अडायला नको."

गाडीचं नाव काढल्यावर तो उठला. शर्ट बदलून आला, गळ्याचं बटणसुद्धा लावलं. हेडफोन एकच, म्हणून मी ते बाजूला ठेवले आणि फोनचा आवाज मोठा केला. त्याला घरातून पहिल्यांदाच बाकीच्यांचे आवाज ऐकू येत होते. तो एकेका चौकोनाकडे वाकून बघत होता. पंख्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, तारा कशा बसवल्यात ते बघत असावा.

"काका, यांच्या झोपेत फरक पडला का?" बाईंनी विचारलं.

"पडला. चांगला पडला."

"आणि तुमची झोप कशी आहे?"

हे काही ठरलं नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात पंखे म्हणाले, "आता त्यांच्या बोटाला रजा मिळाली असेल!" आणि सगळे हसले. मीही हसले. नवऱ्यानं आपला हात मांडीवरून उचलून खाली घेतला, टेबलाआड.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "तुमचं कुणाचं मला काही माहीत नाही. मला हिचंच तेवढं ऐकू येतं. हिला वाटतं, आपण कानाला लावलं म्हणजे बाहेर काही जात नाही. आमच्या खालच्या मजल्यावरसुद्धा माहिती आहे, मी घोरत होतो ते."

परत हसले. माझी मात्र कानशिलं तापली. तो चहा, त्यावर धरलेली साय, आधीच नेऊन टाकलेली गादी. सगळं एकदम समजलं.

"पण मी घोरत नव्हतो," तो म्हणाला. "मी जागा होतो."

"काहीतरीच काय!" मी म्हणाले. "ताईनं स्वतः..."

"जरा बोलू दे मला." लग्न झाल्यापासून त्यानं मला असं कधी म्हटलं नव्हतं.

"औषध चढवल्यापासून हिला झोप नव्हती. ओकाऱ्या व्हायच्या, हाडं दुखायची. रात्र बसून काढायची ही. त्या दिवशी उजाडताना गप्प झाली. मी हळूच हाक मारली, हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, लागली एकदाची. काय सांगू, इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, आता काही झालं तरी हिची झोप मोडू द्यायची नाही. बेलची तार काढून ठेवली. फोन बंद करून उशीखाली दाबला. दूधवाला आला, त्याला खिडकीतून हातानंच जा म्हटलं. पंखा खटखट वाजायचा, तो बंद केला आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. अंग तापलेलं लागत होतं हाताला. पण उन्हाळा होता आणि पंखा मीच बंद केलेला, म्हटलं त्यानं असेल. मग हिची बहीण दार बडवायला लागली. दार उघडून मी तिलाच म्हटलं, हळू, झोपलीये ती."

चादरीतून तोंड बाहेर आलं होतं.

"ती मला म्हणाली, घोरत पडला होतात का? मी हो म्हटलं."

"हो का म्हणालात काका?" चादरीनं विचारलं.

"झोपलेल्या माणसाला लोक शिव्या देतात आणि सोडून देतात, पोरी. जागा राहून वारा घालत बसलेल्याला काय म्हणायचं?" त्यानं घसा खाकरला. "आता ही शांत झोपली ना, की मला कळत नाही. झोपलीये की परत तसं झालंय. दोन्ही सारखंच दिसतं हो बघायला. म्हणून बोट धरायचो. चुकलंच माझं. आता नाही धरत."

बाई काहीतरी बोलायला लागल्या. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. त्यांचा माइक बंद राहिला होता, आणि त्यांना ते कुणी सांगितलं नाही. नवरा फोनला नमस्कार करून उठला आणि आत गेला.

मी त्याच्या मागे गेले. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच संताप आला होता.

"तेव्हा बोलायला काय धाड भरली होती?"

"तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस."

"आणि मग? मी गावभर तुम्हाला घोरक्या म्हणत सुटले, परक्या लोकांत हसं केलं तुमचं, तरी तोंडातून ब्र काढला नाहीत? दगड आहात की माणूस?"

"म्हणत होतीस ते बरं होतं," तो भांडी पुसत म्हणाला. "तू चिडून बोलत असलीस की मला बघावं लागत नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच माझा गिअर पडेना.

"आज आत या झोपायला," मी म्हणाले.

"नको. मी आलो की तुझी झोप मोडणार. गाडी मिळतेय ना तुला, ती मिळू दे आधी."

"आणि तुम्ही? तुम्ही कधी झोपणार?"

"बघू."

"बघू म्हणजे काय? बाहेरच्या खोलीत पडून काय करता तुम्ही?"

"कान देऊन पडतो. तू कूस बदललीस की ऐकू येतं." त्यानं ताट फळीवर ठेवलं. "हल्ली फार कमी बदलतेस."

मी आत जाऊन पडले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. नंतर मुद्दाम दोनदा पलंग कुरकुरवला. त्याच्यासाठी एवढंच करण्यासारखं माझ्या हातात होतं.

बाईंनी मालकाला कळवलं. त्यानं किल्ली समोर ठेवली आणि म्हणाला, "उद्या सकाळी पहिलीच शिकाऊ बाई तुमच्याकडे. नवीन आहे, घाबरट आहे. आणि मावशी, वेळेवर हं. पहिल्याच दिवशी उशीर नको. दुसरं माणूस रोज फोन करतंय मला."

"उशीर करायला मी काय तू आहेस?" मी म्हणाले. किल्ली मुठीत घट्ट धरली होती.

सकाळी मी नवऱ्याला बरोबर घेतलं. हात बसलाय का बघायचं होतं, निदान त्याला तसं सांगितलं. तो शेजारी बसला, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले. आमच्या शाळेसमोर मोठं मैदान आहे आणि त्याला वळसा घालणारा रुंद रस्ता. शिकाऊ बायकांना आधी तिथंच फिरवतात. सकाळची वेळ, रस्ता रिकामा. मी गाडी काढली. क्लच, गिअर, आरसा, सगळं जिथल्या तिथं होतं. पहिल्या वळणाला मी मोठ्यानं हसले.

"कशी चालतेय?" मी विचारलं.

"छान," तो म्हणाला. "आवाज नाही इंजिनाला."

मग मी बोलतच राहिले. मालकाला शिव्या दिल्या, त्या नर्सबाईला दिल्या, पंख्यांना दिल्या. रस्त्यात मध्येच उभ्या केलेल्या टेम्पोच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या फेरीला त्याचं उत्तर आलं नाही म्हणून मी बघितलं. त्याची मान काचेला टेकली होती आणि तोंड किंचित उघडं पडलं होतं. मी बोलत होते, म्हणून त्याला बघायची गरज उरली नव्हती. त्याला झोप लागली होती.

मी शाळेच्या फाटकाशी गाडी हळू केली. नवी बाई येऊन उभी होती, पर्स पोटाशी धरून. वेग कमी झाला तशा नवऱ्याच्या पापण्या हलल्या, कपाळाला आठी आली. मी पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. आठी गेली. बाईनं हात हलवला, तो तसाच राहिला आणि आम्ही पुढे निघालो.

एक फेरी, मी म्हटलं. एवढी एक. तोंड मी चालूच ठेवलं होतं. शिव्या संपल्या म्हणून मग गाडीच शिकवायला लागले. आता आरशात बघा, आता अर्धा क्लच, वळताना घाई नाही करायची, रस्ता कुठे पळून जात नाही. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कुणाला शिकवलेलं नाही. परत फाटक आलं तेव्हा मालक बाहेर आला होता, कमरेवर हात. माझा फोन वाजला. पहिल्या घंटीलाच मी तो बंद केला.

पुढच्या फेरीला मालक रस्त्यात उतरला होता, दोन्ही हात वर करून. त्याच्या मागे ती बाई घड्याळ बघत होती. तो काहीतरी ओरडत होता, काचा बंद होत्या. मी ब्रेकला पाय लावला नाही. "समोर माणूस आला की घाबरायचं नाही," मी नवऱ्याला सांगितलं, "बाजूनं अलगद काढायची," आणि तशीच काढून पुन्हा वळणाला लागले.